डावीकडून तिसरी

नागपूरचा एक फोटो कित्येक वर्षं पुस्तकांत, स्मरणिकांत, जयंतीच्या फलकांवर छापला जातो आहे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत आणि त्यांच्याभोवती स्त्रियांचा मोठा समूह. खालची ओळ बहुतेक ठिकाणी तीच असते: शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेतील महिला प्रतिनिधींसह डॉ. आंबेडकर, नागपूर, ८ जुलै १९४२. तारीख आहे, गाव आहे, प्रसंग आहे. वाचणारा ती ओळ वाचतो आणि पान उलटतो.

पण त्या महिन्याचा हिशेब मांडून बघितला की ओळ अडखळते. अखिल भारतीय दलित वर्ग परिषद नागपूरच्या मोहन पार्कात भरली ती १८ आणि १९ जुलैला. महिलांची स्वतंत्र परिषद झाली २० जुलैला. फेडरेशनची स्थापना करायचं ठरलं तेच मुळी या परिषदेत. मग ८ जुलैला फेडरेशनच्या महिला प्रतिनिधी आल्या कुठून? कुणीतरी ओळ उतरवून घेताना एक आकडा गळला आणि १८ चा ८ झाला, असं मला वाटतं. पुढच्या प्रत्येकाने आधीच्याची ओळ उचलली. छापलेल्या तारखेवर आपला फार लवकर विश्वास बसतो.

तारखेचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. त्याला वर्तमानपत्रं आहेत, परिषदेचे अहवाल आहेत. खरं कोडं आहे ते ‘महिला प्रतिनिधी’ या दोन शब्दांत. फोटोत एकच पुरुष असा की ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. बाकी सगळ्यांना मिळून दोन शब्द. महिलांच्या या परिषदेच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क स्त्रीला मिळावा आणि बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी यावी, असे ठराव तिथे झाले. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. देशाच्या कायद्याच्या इतकं पुढे चालणाऱ्या या बायका कोण होत्या, कुठल्या वस्त्यांतून आल्या, घरी मुलं कुणाकडे ठेवून आल्या? फोटो समोर आहे, चेहरे स्पष्ट आहेत, आणि तरी उत्तर फोटोत नाही.

उत्तर जिथे होतं तिथे दोघीजणी गेल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या घरी बसून, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. तोवर चळवळीच्या इतिहासात या बायका ‘स्त्रियाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्या एका वाक्यात मावत होत्या. हे काम दहा वर्षं उशिरा सुरू झालं असतं तर त्यातल्या किती जणी बोलायला उरल्या असत्या, असा विचार ते पुस्तक हातात घेताना दर वेळी येतो. जुन्या फोटोतला माणूस ओळखू शकणारी माणसं आपल्या आसपास असतात, पण ती कायमची नसतात. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, आणि ते आत्ताच म्हणायला हवं.

ओळ असली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो घ्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनबाईंच्या स्वागतसमारंभात काढलेला. तिघी विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं आहेत. नावांआधी ‘डॉक्टर’ लावलेलं आहे.

इथे थांबावं. ऑक्टोबर १८८५ मध्ये तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे फोटो एका दिवशीचा आणि त्याखालची अक्षरं निदान चार वर्षांनंतरची. ती अक्षरं लिहिली गेली तेव्हा आनंदीबाई जगात नव्हत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. आपल्या नावापुढची चूक दुरुस्त करायला त्या उरल्या नाहीत, आणि चूक तिथे आहेच. त्यांचं गाव तिथे ‘सेरानीसोर’ असं काहीसं पडलं आहे. असं गाव भारतात शोधून सापडायचं नाही. ते आहे बंगालमधलं सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर. गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यांची बदली तिथे झाली होती आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्या तिथलाच पत्ता घेऊन. हाताने लिहिलेला ‘एमपी’ परक्या माणसाने ‘एनवायएस’ असा वाचला असणार. कल्याणची मुलगी, पुण्याचं मरण, आणि फोटोखाली एक नसलेलं गाव. तिसऱ्या बाईंचं नाव कुठे ‘ताबात’, कुठे ‘सबात’ असं फिरत राहिलं ते वेगळंच.

या एका फोटोतून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे फोटोचं वय आणि ओळीचं वय वेगवेगळं मोजावं. आपल्या घरच्या अल्बमातही हेच होतं. फोटो आजोबांच्या काळचा, त्यामागचं अक्षर आत्याचं, आणि आत्याने ते लिहिलं तेव्हा तिला सांगणारं कुणी होतं की नव्हतं, हे आपण विचारत नाही.

सावित्रीबाई फुल्यांच्या बाबतीत परिस्थिती याच्या उलट आहे. तिथे फोटोखालच्या ओळीपेक्षा फोटो आपल्यापर्यंत कसा आला, ही साखळीच महत्त्वाची. अभ्यासक हरी नरके यांनी हा माग लिहून ठेवला आहे. ‘मजूर’ नावाच्या पत्रात, रा. ना. लाड संपादक असताना, १९२४ ते १९३० च्या दरम्यान सावित्रीबाईंचा फोटो छापून आला होता. पुढे हे पत्र द. स. झोडगे यांच्याकडे आलं. एकनाथ पालकर यांच्याकडे लोखंडे नावाच्या मिशनऱ्याच्या जुन्या पुस्तकातल्या फोटोंच्या निगेटिव्ह होत्या, त्या १९६६ मध्ये झोडग्यांना मिळाल्या. त्या पुस्तकात स्त्रियांचा एक ग्रुप फोटो होता, आणि ‘मजूर’मधला फोटो त्याच्याशी जुळला. डॉ. मा. गो. माळी यांच्या पुस्तकातून तो लोकांसमोर आला. आज शाळाशाळांत भिंतीवर जो चेहरा दिसतो त्याच्यामागे हा एवढा प्रवास आहे: मिशनऱ्याचं पुस्तक, एका माणसाने जपलेल्या निगेटिव्ह, एका कामगार पत्राची जुनी फाइल. यातला एक जरी दुवा रद्दीत गेला असता तर सावित्रीबाईंना चेहरा नसता.

त्याच ग्रुप फोटोत त्यांच्या सहकारी फातिमा शेख असल्याचं सांगितलं जातं. २०२५ च्या जानेवारीत फातिमा शेख ही बाई होऊनच गेली नाही, ते आपण रचलेलं पात्र आहे, असा दावा एका लेखकाने समाजमाध्यमावर केला आणि खळबळ उडाली. त्या वेळी फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडलं ते एक पत्र. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलं आहे. त्यात आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, ही काळजी आहे. बाई होती हे पत्राने कळतं. फोटोतली अमुक बाई तीच, हे मात्र त्या पुस्तकाच्या साखळीवरून म्हणायचं. हे दोन पुरावे वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवूनच बोलावं, म्हणजे उद्या कुणी एकावर बोट ठेवलं तर दुसरा ढासळत नाही. श्रद्धेच्या माणसांबद्दल लिहिताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

माणसांना ओळखणं अवघड. जागा आणि काळ ओळखणं त्या मानाने सरळ, कारण फोटोग्राफर माणसांकडे बघत असतो आणि मागचं सगळं आपोआप उमटतं. मुंबईचे जुने फोटो लावणाऱ्या मंडळींची ही खरी शिदोरी. रस्त्यावर घोड्यांची ट्राम असेल तर फोटो ९ मे १८७४ नंतरचा. वर विजेची तार आणि ट्रामला घोडे नाहीत, म्हणजे ७ मे १९०७ नंतरचा. ट्रामचे रूळ आहेत आणि शेजारून बस जाते आहे, तर १५ जुलै १९२६ च्या पुढचा. बस दुमजली असेल तर १९३७ च्या पुढचा. आणि ३१ मार्च १९६४ नंतर ट्राम दिसायचीच नाही. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. बोरीबंदरच्या स्टेशनासमोर महापालिकेची इमारत दिसत नसेल तर आपण १८९३ च्या अलीकडे येऊच शकत नाही. अपोलो बंदरावर ताज उभं आहे पण गेटवे नाही, असे फोटो पाहून लोक चकित होतात. ताज १९०३ चं. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. मधल्या वीस वर्षांतला तो फोटो. काळा घोडा चौकात खरोखरचा काळा घोडा, वर प्रिन्स ऑफ वेल्ससकट, दिसत असेल तर १८७९ ते १९६५ हा पल्ला. आता तो पुतळा भायखळ्याच्या राणीबागेत आहे.

दिवसाची वेळही काढता येते. बोरीबंदरच्या स्टेशनाचं मुख्य तोंड पश्चिमेला आहे. त्या दर्शनी भागावर लख्ख ऊन पडलं असेल तर दुपार कललेली आहे. कुणा फोटोखाली ‘मुंबईतली सकाळ’ असं छापलेलं असलं तरी.

गावाकडे ट्राम नाही, टॉवर नाही. तिथे खुणा बारीक होतात, आणि माझ्या मते जास्त बोलक्या. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोबद्दल जरा सविस्तर सांगतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पानभर आकाराचा. काळ्या भागांच्या कडांना तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसते. जिलेटिनच्या कागदावरची चांदी वर आली की अशी झाक धरते. तेवढ्यावरून तो अंड्याच्या पांढऱ्याच्या लेपाच्या जुन्या कागदावरचा नाही, एवढं कळतं. शाळेची पडवी, मागे भिंत, भिंतीवर राजाची तसबीर. भिंग लावून बघितलं तर राजाला दाढी नाही. सातवा एडवर्ड दाढीवाला, पाचवा जॉर्ज दाढीवाला. त्यांच्यानंतरचा आठवा एडवर्ड वर्षभरही टिकला नाही. सहावा जॉर्ज डिसेंबर १९३६ मध्ये गादीवर आला, त्याला दाढी नव्हती. म्हणजे फोटो बहुधा १९३७ ते १९४७ मधला. मधल्या रांगेत खुर्च्यांवर मास्तर, दोघांना रुमाल, एकाला काळी टोपी. पायाशी बसलेल्या एका मुलाने पाटी धरली आहे. तिच्यावर इयत्ता दिसते, खालचा साल मात्र पुसट झाला आहे. उन्हात पाटी चमकली असणार. सगळ्यात पुढे जमिनीवर पाच मुली, परकर-पोलक्यात.

पुठ्ठ्यावर शाईने नावं लिहिली आहेत ती मास्तरांची. मुलग्यांपैकी जे पुढे नावारूपाला आले त्यांची नंतर कुणीतरी वेगळ्या शाईने भर घातली आहे. मुलींच्या खाली काही नाही.

शाळेच्या मंडळींनी फोटो मोठा करून गावात नेला आणि नव्वदी ओलांडलेल्या एका आजींपुढे धरला. त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो उजेडाकडे तिरका धरला आणि बोट सरळ पुढच्या रांगेवर ठेवलं.

“ही आमची थोरली भन. हात बघ की तिचा, परकरात दडवलाय. ल्हानपणी चुलीत पडल्याली, तवापासनं कुनाला दावायची न्हाई.”

डावीकडून तिसरी. बाकी चौघींचे दोन्ही हात मांडीवर आहेत. हिचा एकच दिसतो. भिंगातून तासभर फोटो बघणाऱ्यांना ती गोष्ट दिसली होती, पण तिचा अर्थ कुणाला लागला नव्हता. आजींनी नाव सांगितलं. त्या नावाची बाई गावातल्या कुणाच्या आठवणीत नव्हती. कारण उघड आहे: लग्नात नाव बदललं, गाव बदललं. भाचेमंडळी तिला ओळखत होती ती वेगळ्याच नावाने, शेजारच्या तालुक्यातली मावशी म्हणून. मग शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण एका ओळीत असतं. आजींनी सांगितलेलं माहेरचं नाव तिथे मिळालं, आणि शाळा सोडल्याचं सालही. फोटो त्याच्या आधीचा. दहा वर्षांचा पल्ला दोन-तीन वर्षांवर आला तो एका मुलीने लपवलेल्या हातामुळे आणि तो हात ओळखणाऱ्या धाकट्या बहिणीमुळे.

महाराष्ट्रातल्या जुन्या फोटोंवर काम करायचं तर माहेरच्या नावाची ही गाठ पहिल्यांदा सोडवावी लागते. मोठ्या घरांतही तेच. गोपाळरावांच्या आनंदीबाई जन्माने यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही जन्माने यमुना, कुर्लेकरांच्या. लोकमान्यांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. ज्यांची चरित्रं लिहिली गेली त्यांची दोन्ही नावं आपल्याला मिळाली. बाकीच्या घरांत लग्नाआधीच्या फोटोतली मुलगी आणि लग्नानंतरच्या फोटोतली बाई ही दोन वेगळी माणसं होऊन बसतात. त्यात ‘श्री. अमुक सहकुटुंब’ असं लिहायची रीत. सहकुटुंबातल्या कुटुंबाला नाव नाहीच. कडेला मूल कडेवर घेऊन उभी असलेली दाई, दारात अर्धा दिसणारा गडी, पायरीखाली बसवलेली माणसं, यांच्याबद्दल तर ओळ लिहिणाऱ्याने विचारही केलेला नसतो. फोटोत कोण खुर्चीवर, कोण जमिनीवर, कोण चौकटीच्या काठावर, हे बघितलं की त्या गावाची उतरंड डोळ्यांसमोर येते.

फोटोवर भोळा विश्वासही ठेवू नये. मुंबईत फोटोग्राफी फार लवकर रुजली. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटोग्राफर. त्याच काळातले विल्यम जॉन्सन. त्यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्या फोटोंत माणसं दिसतात मुंबईच्या ओळखीच्या जागांसमोर, पण प्रत्यक्षात ती तिथे उभी नव्हती. माणसांचा फोटो वेगळा काढलेला, जागेचा वेगळा, आणि दोन्ही जोडून एक केलेले. त्या खंडातल्या एखाद्या फोटोवरून ‘अमुक समाजाची वस्ती अमुक तळ्याकाठी होती’ असं कुणी लिहिलं तर ते कात्रीने तयार झालेलं सत्य होईल. पायाखालची सावली आणि मागच्या इमारतीची सावली एकाच दिशेला पडते का, हे बघायची सवय म्हणून लावून घ्यावी.

डावं-उजवंही तपासावं. अमेरिकेतला बिली द किड हा गुंड डावखुरा होता, असं लोक बरीच वर्षं मानत आले, केवळ त्याच्या एका फोटोवरून. तो फोटो होता पत्र्यावरचा. पत्र्यावरचा फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. त्याच्या हातातल्या बंदुकीत काडतूस भरायची जागा चुकीच्या बाजूला दिसते, हे बंदुकीच्या जाणकारांनी दाखवलं तेव्हा कोडं सुटलं. आपल्याकडे काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढल्याची उदाहरणं जुन्या स्टुडिओंत सापडतात. पुरुषाच्या कोटाचा छातीवरचा खिसा त्याच्या डाव्या बाजूला असतो. तो त्याच्या उजव्या बाजूला दिसला की ‘डावीकडून तिसरी’ म्हणजे उजवीकडून तिसरी.

स्टुडिओंचा विषय निघाला म्हणून आणखी एक. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, कोरीव पाठीची खुर्ची, फुलदाणीचा स्टँड, जमिनीवरची सतरंजी हे सामान वर्षानुवर्षं तेच असायचं. एका घरच्या फोटोवर स्टुडिओचं नाव आहे, दुसऱ्या घरच्या फोटोवर नाही, पण मागचा पडदा तोच असेल तर दोन्ही फोटो एकाच छताखालचे. पुठ्ठ्यावरचा पत्ताही काळ सांगतो. ‘मुंबई ४’ असं असेल तर तो जुना टपाल विभाग. ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवसापासूनचा. घरातले चौकोनी काळे-पांढरे फोटो असतील तर बहुधा कुणाकडे तरी आगफा क्लिक थ्री होता; त्याच्या रोलवर बारा फोटो निघायचे, आणि लग्न असो की बारसं, ते बाराच पुरवून वापरायचे. म्हणून तर त्या काळच्या फोटोत दहा-दहा माणसं दाटीने उभी दिसतात.

आणि फोटो ज्यात गुंडाळला आहे ते फेकू नये. एडिनबर्गला स्कॉटलंडच्या वास्तुवारसा आयोगाच्या संग्रहात बुटांच्या एका खोक्यात १७८ काचेच्या निगेटिव्ह सापडल्या. त्या कलकत्त्याच्या निघाल्या. कुणी काढल्या, कधी काढल्या, काही लिहिलेलं नव्हतं. पण काचा गुंडाळल्या होत्या त्या १९१४ च्या ‘स्टेट्समन’ या वर्तमानपत्रात. आणि काही काचांवर कलकत्त्याच्या इमारती रात्रीच्या रोषणाईत झगमगताना दिसत होत्या; पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९१२ च्या भेटीसाठी केलेली ती आरास. खालची सीमा आराशीने दिली, वरची रद्दीच्या कागदाने. कुणी हौशी कर्मचाऱ्याने स्वच्छतेच्या भरात तो कागद टाकून काचा नव्या पाकिटांत घातल्या असत्या तर एक सीमा कायमची गेली असती.

आपल्याकडे असं रोज होतं आहे. जुने स्टुडिओ बंद होत आहेत आणि काचा भंगारात चालल्या आहेत. चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात अनोळखी कुटुंबांचे अल्बम मिळतात. विकणारा फोटो सुटे करतो, कारण सुटे जास्त खपतात, आणि सुटे झाले की कुणाच्या शेजारी कोण होतं ही शेवटची खूणही जाते. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घराघरांतले फोटो चिखलात गेले. आजही त्या पेठांतल्या कितीतरी घरांची फोटोंची आठवण पुरानंतर सुरू होते. तो तर अपघात होता. आता घर पुनर्विकासाला जाताना माळ्यावरची ट्रंक आपण स्वतःच्या हाताने रिकामी करतो. वर फोटोचा मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला की काम झालं असं वाटतं. त्यात पाठ येत नाही, पुठ्ठा येत नाही, कडेचा स्टुडिओचा ठसा येत नाही, आणि चार हातांतून फिरल्यावर चेहराही पुसट होतो.

या दिवाळीला घरात माणसं जमतील. अल्बम काढाच, पण सगळ्यांना एकदम दाखवू नका. एका ज्येष्ठाला एका वेळी, वेगळं बसवून विचारा. एकाने नाव उच्चारलं की बाकीचे मान डोलावतात, आणि मग चार साक्षी मिळून साक्ष एकच उरते. ‘हे कोण’ याच्या आधी ‘हे कुठं’ विचारा. जागा आठवली की माणसं मागोमाग येतात. बायकांचं माहेरचं नाव, सासरचं नाव, घरात हाक मारायचे ते नाव, तिन्ही लिहा. गडी, दाई, शेजारी, भाडेकरू यांच्याबद्दलही विचारा. ज्येष्ठांना ती नावं पुष्कळदा पक्की आठवतात, फक्त आजवर कुणी विचारलेली नसतात. फोटोच्या पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची खूण पुढून उठते आणि शाई पाझरते. प्लास्टिकच्या चिकट अल्बमातून फोटो ओढून काढू नका, पानासकट कापा. पुठ्ठ्यावरून तर मुळीच उचकटू नका. पाठ आणि पुढचा भाग दोन्ही स्कॅन करा. आणि जे नाव सांगितलं गेलं त्याच्यापुढे ते कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला सांगितलं तेही लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर ती नेमकी कुणाच्या आठवणीवर घ्यायची हे त्याला कळेल.